चाळीबाहेरचे अंगण

चर्नी रोडच्या बागेतील ती हकिकत आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली आहे. शाळा सुटल्यावर विद्यार्थी भीमराव त्या बागेत जाऊन वाचत बसत. तेथे येणारे शिक्षक व ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी या वाचनवेड्या मुलाला हेरले, आपुलकीने चौकशी केली, वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली आणि तीत केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. ही हकिकत सांगताना आपण केळुस्करांचे स्मरण करतो, त्या पुस्तकाचे स्मरण करतो, आणि ते योग्यच आहे. त्या बागेविषयी मात्र कोणी बोलत नाही.

त्या वेळी रामजी सुभेदारांचे सारे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. रात्री लवकर झोपायचे आणि घर शांत असताना, पहाटे दोनला उठून अभ्यासाला बसायचे, असा क्रम वडिलांनी लावून दिला होता. अशा घरातील मुलाला दिवसाउजेडी बसण्यासाठी एक बाक आणि डोक्यावर झाडाची सावली मिळाली ती सार्वजनिक बागेत. ती बाग नसती तर ती भेट कदाचित झालीच नसती. म्हणून गिरगावपासून दादरपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत मुलांसाठी घराबाहेरची जागा किती उरली आहे, आणि ओस पडलेल्या जागांतून ती पुन्हा कशी उभी करता येईल, याचा विचार करणे हा केवळ खेळण्या-बागडण्याचा प्रश्न मानता येत नाही.

अंगण कोणी दिले?

आपल्या चाळींना अंगणे होती. माझे बालपण नायगावच्या चाळीत गेले. दोन चाळींमधल्या पट्ट्यात आम्ही लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत खेळत असू. मुली एका कडेला लंगडी आणि सागरगोटे मांडत. गच्चीवर पतंग, जिन्याखाली गोट्या. घरात दहा माणसे असली तरी कोणाला दाटी वाटत नसे, कारण घरातले निम्मे नेहमी बाहेर असत.

हे अंगण मुलांच्या प्रेमापोटी मिळालेले नव्हते, हे समजून घेतले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांत तो पसरतो असे मानले गेले आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गल्लीबोळ फोडून रस्ते काढणे, दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती बसविणे आणि कामगारांसाठी चाळी बांधणे ही त्याची कामे. ट्रस्टच्या अभियंत्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम धरला होता. त्याचा सोपा अर्थ असा की इमारतीची उंची तिच्यासमोरील मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा अधिक असू नये, म्हणजे खालच्या मजल्यावरही उजेड आणि वारा पोचेल. परळच्या ज्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेब १९१२ ते १९३४ या काळात राहिले, ती याच ट्रस्टची. पुढे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. या दोन्ही प्रकारच्या चाळींमध्ये हवेसाठी जे अंतर राखले गेले, तेच मुलांनी आपले अंगण करून टाकले.

तेथील पहिला घास मोटारींनी घेतला. नंतर शेड आल्या, पाण्याच्या टाक्या आल्या, कार्यालये आली. मंडळांनाही यातून सूट देता येणार नाही. उत्सव संपल्यावर महिना-महिना बांबू आणि लोखंडी सांगाडे जेथे पडून राहतात, ती जागा मुलांचीच असते. हे आपल्या मंडळींनाही लागू आहे.

गिरणगावाला एक मोठी संधी चालून आली होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीची साधारण तीन भागांत वाटणी ठरविली होती : एक भाग महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी, एक मालकाकडे. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी केवळ गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. ज्या आवारात शेडच शेड, तेथे रिकामी जमीन ती किती असणार? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. लालबाग-परळला जी मैदाने मिळायची ती अशी कागदावरच आटली. मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्याच्या तयारीत महापालिकेनेच केलेल्या पाहणीत लोकांना प्रत्यक्ष वापरता येणारी मोकळी जागा माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर निघाली. एका सतरंजीएवढी म्हणा ना.

उरलेल्या जागा

मोठे मैदान नवे मिळणे आता कठीण. शिवाजी पार्क १९२५ साली झाले, तसे दुसरे व्हायचे नाही. म्हणून नजर वळवायची ती ज्या जागांकडे कोणी जागा म्हणून पाहत नाही त्यांच्याकडे.

सर्वांत मोठी आहे ती उड्डाणपुलांखालची. एकट्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर लालबागचा पूल आहे, तो २०११ साली खुला झाला, आणि पुढे माटुंग्याचा तुळपुळे पूल. माटुंग्याच्या पुलाखाली गाड्या लागत, कचरा साठे, संध्याकाळनंतर तेथून जाणे नको वाटे. रहिवाशांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१६ साली तेथे नानालाल डी. मेहता उद्यान झाले. सुमारे सहाशे मीटर लांबीची ही पट्टी असून तिच्यातील चालण्याचा मार्ग नर्मदेच्या प्रवाहासारखा वळणे घेत आखला आहे. लोअर परळला सेनापती बापट मार्गावरील पुलाखाली २०२२ साली ‘वन ग्रीन माइल’ हे काम झाले. मुंबईचा स्टुडिओ पॉड आणि नेदरलँड्सची एमव्हीआरडीव्ही या संस्थांनी ते आखले. सुमारे दोनशे मीटरच्या जागेत बैठक, व्यायामाची जागा, छोटे कार्यक्रम करण्याची जागा, वाचनाचा कोपरा अशी दालनेच पाडली आहेत.

दोन्ही कामे आवर्जून जाऊन पाहावीत अशी आहेत. तरी माझे स्पष्ट मत सांगतो. ही मुख्यतः मोठ्यांची ठिकाणे झाली. चालणाऱ्यांची सोय झाली, बसणाऱ्यांची झाली. आठ वर्षांच्या मुलाने तेथे करायचे काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो. आणि ‘सुशोभीकरण’ म्हणून आपल्याकडे जे चालते, म्हणजे कुंपण, आत शोभेची झाडे, मध्ये कारंजे आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी, त्याबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या गल्लीच्या तोंडावर असा एक त्रिकोण आहे. गेल्या कित्येक वर्षांत त्यात मूल गेलेले मी पाहिले नाही. आतली मांजरे मात्र सुखी आहेत.

युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅम शहराची अवस्था अशीच होती. पाडलेल्या घरांच्या रिकाम्या जागा, वाकड्यातिकड्या कोपऱ्यांवर साचलेला कचरा. १९४७ साली महापालिकेतील आल्डो व्हॅन आयक या तरुण वास्तुशिल्पकाराने अशाच एका चौकात मुलांसाठी पहिली जागा आखली. साहित्य काय? वाळूचा एक हौद, उलट्या कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, उड्या मारायला काही ठोकळे, कडेला बाक आणि झाडे. बस्स. घोडा, हत्ती, म्हातारीचा बूट असे काही नाही. ठोकळा तो ठोकळाच. मुलांनी म्हटले तर किल्ला, म्हटले तर दुकान. ही जागा पाहून इतर मोहल्ल्यांतील रहिवासी ‘आमच्याकडेही करा’ अशी पत्रे पालिकेला लिहू लागले. १९७८ पर्यंत अशा सातशेच्या वर जागा झाल्या. त्याआधी १९४३ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून मुलांना फळ्या, दोर, जुने सामान देऊन स्वतः काही उभे करू देणारी जागा सुरू झाली होती. खर्चाची ही गोष्ट नाही. टायर, फळी आणि दोर आपल्याकडेही भंगारवाल्याकडे मिळतात.

आपल्या मुलांनाही काय हवे हे दुरून आणायला नको. खांब-खांब खांबोळी हा खेळ आठवतो? एकेका खांबाला एकेक मूल, मधला बिनखांबाचा. उड्डाणपुलाखाली सरकारने कोट्यवधी रुपये खर्चून ओळीने खांबच खांब उभे केले आहेत आणि चार महिन्यांच्या पावसात मुंबईत कोरडी राहणारी ती एकमेव सार्वजनिक जागा आहे. तिच्यासारखी खेळाची जागा शोधून सापडायची नाही. अडचण खेळाची नाही, तेथे पोचण्याची आहे. दोन्ही बाजूंनी वाहने धावत असताना मधल्या पट्टीत मूल जाणार कसे? म्हणून अशा जागेचा आराखडा आतून नव्हे, रस्त्यापासून सुरू करावा लागतो. प्रवेश एकच आणि तो सिग्नलच्या पट्ट्यांसमोरच. चेंडू रस्त्यावर जाणार नाही एवढी जाळी. धूर-धूळ अडवायला कमरेइतकी भिंत किंवा दाट झुडपे, पण त्याहून उंच काही नाही, म्हणजे समोरच्या पदपथावरून आत दिसत राहील. पूल जेथे जमिनीला टेकत जातो तेथील ठेंगणा, अंधारा भाग मुलांना मुळीच देऊ नये. तो बंद करून रखवालदाराची खोली किंवा सामानाची कोठी करावी. आणि जेथे रस्ता ओलांडणे सुरक्षित करताच येत नाही, तेथे हट्ट धरू नये.

तीच गोष्ट घरगल्लीची. गिरगाव, लालबागच्या जुन्या चाळींच्या पाठीमागे सांडपाण्याचे नळ आणि सफाईसाठी सोडलेली ती अरुंद बोळकांडी. रिकामी दिसते म्हणून तेथे मुले खेळवावीत असे कोणी सुचविले तर मी विरोध करीन. वरून काय पडेल याचा नेम नाही. तिची नियमित सफाई व्हावी एवढेच तिच्याकडून मागावे. गल्लीचा बंद असलेला शेवट, शाळा सुटल्यावर कुलूप लागणारे शाळेचे आवार, दवाखान्याच्या भिंतीलगतचा रुंद पदपथ, विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या मागची जागा, ही खरी कामाची ठिकाणे.

कोणत्या मुलाला काय?

‘मुलांसाठी जागा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेट येते. जागा मिळाली की दहा-पंधरा मोठी मुले स्टंप ठोकतात आणि बाकीची पन्नास भिंतीला चिकटतात. यात त्या मुलांचा दोष नाही. आखणीच तशी असते. तीन वर्षांच्या पोराला वाळू हवी, पाणी हवे, आणि आई नजरेच्या टप्प्यात हवी. म्हणजे आईला बसायला सावलीतला बाक हवा. सहा ते दहाच्या मुलाला पळायला, लपायला, चढायला आणि थोडे पडायलाही हवे. पडण्याचे भय असेल तेथे खाली पेव्हर ब्लॉक किंवा फरशी चालणार नाही. निदान एक फूट खोल वाळू हवी आणि ती आठवड्यातून एकदा खालीवर करून काचा-खिळे वेचायला माणूस हवा. कबड्डीला माती हवी, पण मोकळी लाल माती टाकली की उन्हाळ्यात काय होते ते शिवाजी पार्कच्या रहिवाशांना विचारा. धुळीने त्यांना नकोसे केले. ओल धरणारी, चोपून बसविलेली माती आणि भोवती पाणी निघायला चर, एवढे तरी आधी पाहावे. पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेकडे तोंड करून बसविली तर दुपारी चारला तिच्यावर पापड भाजून निघेल.

सर्वांत अधिक अन्याय होतो तो बारा-तेरा वर्षांच्या मुलींवर. त्या वयात त्यांना खेळ नको असतो असे नव्हे. खेळताना कोणी टक लावून पाहत बसलेले नको असते. उजेड, जवळ स्वच्छ शौचालय, पिण्याच्या पाण्याचा नळ, समोरासमोर बसता येईल असे बाक, आणि संध्याकाळचा एक ठरावीक तास फक्त मुलींच्या खोखो-लंगडीचा, एवढ्याने फार फरक पडतो. आमच्या चाळीत माझ्या बहिणी अंगणात खेळल्या त्या नवव्या-दहाव्या वर्षापर्यंतच. नंतर त्या गॅलरीतून पाहत. आम्हा भावांपैकी कोणाला त्यात कधी काही वावगे वाटले नाही, हे आज लिहिताना खटकते.

आणि एक मूल असते ज्याला काहीच खेळायचे नसते. त्याला बसायचे असते. चर्नी रोडच्या बागेत ते बसले होते.

पुनर्विकासाच्या सभेत

हा विषय आजच मांडण्याचे कारण आहे. आपल्या चाळी पडत आहेत. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर, स्वतःचे शौचालय. शंभर वर्षे सामाईक संडासाच्या रांगेत उभे राहिलेल्या लोकांना याचे मोल कोणी शिकवायला नको. ठिकठिकाणच्या चाळीही त्याच वाटेवर आहेत. या सभांना मी बसलो आहे. कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, पार्किंग, कोणता मजला, यावर मध्यरात्रीपर्यंत वाद होतात. मुले कोठे खेळणार, हा प्रश्न मी ज्या सभांना होतो त्यांपैकी एकीतही कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

विचारला असता तर उत्तर मिळते : ‘पोडियमवर गार्डन आहे ना.’ पोडियम म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरची गच्ची. याविषयी एक निकाल आपल्याला ठाऊक असावा. दादरच्या कोहिनूर गिरणीच्या जागेवरील प्रकल्पासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१३ रोजी असे म्हटले की नियमाने सोडावयाची किमान मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नव्हे. त्या वेळच्या नियमावलीप्रमाणे भूखंडाच्या आकारानुसार ही जागा १५, २० किंवा २५ टक्के सोडावी लागे. नंतरच्या नियमावलीत काही सवलती आल्या, पुनर्विकासाच्या योजनांना निराळी मापे लागू होतात. म्हणून आपल्या योजनेला नेमका कोणता नियम लागतो हे वास्तुशिल्पकाराकडून लेखी घ्यावे. नकाशावर हिरव्या रंगाने जे दाखविले आहे त्यातून अग्निशमन दलाच्या बंबाचा रस्ता, गाड्यांचा उतार आणि टाक्यांची झाकणे वजा करून उरते किती, हे मोजून घ्यावे. चाळिसाव्या मजल्यावरची आई खालच्या पोराला हाक मारू शकत नाही. म्हणून लहान मुलांची जागा लिफ्टच्या दाराजवळ, रखवालदाराच्या समोर, आणि वयस्कांच्या बाकांलगत मागावी. आजी-आजोबांइतका चांगला पहारा दुसरा नाही.

१९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क ठरविला आहे, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. अर्जात हे लिहायला हरकत नाही. परंतु अर्जाआधी थोडा अभ्यास हवा आणि तो कोणत्याही मंडळाला एका रविवारी करता येईल.

सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला आपल्या गल्लीतून तीनदा फेरी मारावी. मुले कोठे आहेत, किती आहेत, काय करीत आहेत, मुली किती, हे वहीत टिपावे. कोणाला काही विचारू नये, नुसते पाहावे. नंतर मुलांनाच खडू देऊन रस्त्यावर गल्लीचा नकाशा काढायला सांगावा. आवडती जागा कोणती, भीती वाटते ती कोणती, मोठी माणसे हाकलतात ती कोणती. मोठ्यांच्या लक्षात न आलेली एखादी तरी जागा त्यात निघतेच. दोन महिने ती जागा तात्पुरती वापरून पाहावी : गाड्या हलवाव्यात, चार टायर, दोन फळ्या, वाळूची एक गाडी आणि संध्याकाळी दोन तास लक्ष ठेवायला पाळीपाळीने दोन पालक. काय टिकले, काय मोडले, कोणाची भांडणे झाली ते लिहून ठेवावे. पक्के बांधकाम नंतर.

अर्ज कोणाकडे, हाही प्रश्न येतो. जागा कोणाच्या मालकीची हे आधी काढावे, कारण सगळे पूल महापालिकेचे नाहीत. लालबागचा पूल मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने बांधला. महापालिकेची जागा असेल तर आपल्या विभाग कार्यालयात जावे : लालबाग-परळसाठी एफ दक्षिण, माटुंग्यासाठी एफ उत्तर, दादर पश्चिमेसाठी जी उत्तर, गिरगावचा बराचसा भाग डी विभागात. अर्ज सहायक आयुक्तांच्या नावे, प्रत उद्यान खात्याला, सोबत वहीतील नोंदी आणि मुलांच्या नकाशाचे छायाचित्र. पोच घ्यायला विसरू नये.